‘प्रौढ’ या शब्दाने काय घोडं मारलं होतं?

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर अधूनमधून एकाच जातीचा फोटो येतो. नऊवारीतली आजी शाळेच्या बुटक्या बाकावर बसलीय, चष्मा नाकावर घसरलाय, समोर ‘उल्लास’ योजनेच्या साक्षरता परीक्षेचा पेपर. लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, या वयात कशाला तिला छळता? दुसरा म्हणतो, किती गोड! मला दोघांचाही राग येतो, पण दुसऱ्याचा जास्त. गोड लहान मुलं असतात. जिने पन्नास वर्षं बियाणं, मजुरी आणि सावकाराचं व्याज तोंडी सांभाळलं, ती बाई गोड कशी?

२०२२मध्ये केंद्राने ही योजना आणली, तेव्हाच ‘प्रौढ शिक्षण’ हा शब्द बाजूला ठेवून ‘सर्वांसाठी शिक्षण’ म्हणायचं ठरलं. कारण दिलं गेलं ते असं, की पंधरा वर्षांपुढचे सगळे निरक्षर ‘प्रौढ’ या शब्दात नीट बसत नाहीत. पंधरा वर्षांच्या पोराला प्रौढ म्हणणं विचित्र, हे मान्य. पण तो शब्द कमवायला जगात बरीच वर्षं गेलीत, म्हणून मला चुटपुट लागली.

मी राहतो कॅनडात, ओंटारियो प्रांतात. शनिवारी नव्याने आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवतो, बिनपगारी. त्या निमित्ताने थोडं वाचन झालं. म्हाताऱ्या पोपटाला बोलायला शिकवता येत नाही, ही समजूत काही आपलीच नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२८मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखवलं, की पंचविशीनंतर शिकण्याची क्षमता घटते ती अगदी हळूहळू. त्याच्या दोन वर्षं आधी एड्युअर्ड लिंडमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने मुद्दा वेगळ्याच बाजूने मांडला होता: मोठ्या माणसाचं पाठ्यपुस्तक म्हणजे त्याचा अनुभव. थॉर्नडाइक ‘शिकता येतं का’ हे मोजत होता, लिंडमन ‘कशातून शिकतो’ हे विचारत होता. मला दुसरा प्रश्न मोलाचा वाटतो.

‘अँड्रागॉजी’ म्हणजे मोठ्यांना शिकवण्याचं शास्त्र. हा शब्द मात्र जुना, १८३३मध्ये अलेक्झांडर काप नावाच्या जर्मन शिक्षकाने वापरलेला. तो गाजवला अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी, १९६८पासून. गंमत म्हणजे पहिल्या लेखात त्यांनी त्याचं स्पेलिंगच चुकवलं होतं. मोठा माणूस स्वतःची दिशा स्वतः ठरवतो, त्याला शिकलेलं आज वापरायचं असतं, हे त्यांचं म्हणणं. १९७०च्या पुस्तकात त्यांनी मुलांचं शिक्षण आणि मोठ्यांचं शिक्षण समोरासमोर उभं केलं, आणि १९८०च्या आवृत्तीत उपशीर्षक बदलून ‘विरुद्ध’ हा शब्द काढून टाकला. मुलंही अनुभवातून शिकतात आणि मोठ्यांनाही कधीकधी बोट धरावं लागतं, हे त्यांनी कबूल केलं. म्हणजे आपल्या सरकारसारखं त्यांनीही नाव बदललं, पण आधी दहा वर्षं वाद घालून.

माझ्या वर्गात एक शिंपीण आहे, पन्नाशीची, युद्धातून सुटून आलेली. पहिल्या दिवशी मी सफरचंदाचं चित्र असलेलं पुस्तक काढलं. तिने ते शांतपणे मिटलं, पर्समधून मेजरिंग टेप काढला आणि माझ्या शर्टाच्या बाहीवर बोट ठेवलं. हे काय? स्लीव्ह. हे? कफ. ही शिवण? सीम. तासाभरात पंचवीस शब्द झाले, आणि मी नुसता मापं द्यायला उभा. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे हेच तर करत होते. मजुरांच्या रोजच्या जगण्यातला ‘तिजोलो’, म्हणजे वीट, हा शब्द घ्यायचा, त्याची फोड करायची, त्या अक्षरांच्या बाराखडीतून नवे शब्द त्यांनाच जुळवू द्यायचे. १९६४मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरेंना तुरुंगात टाकलं.

हे सगळं वाचून इथे स्वर्ग आहे असं वाटेल, तर थांबा. मी इथे आलो तेव्हा गाठीशी कारखान्यातली एकोणीस वर्षं होती. पहिल्या मुलाखतीत ऐकायला मिळालं, ‘तुम्हाला कॅनडातला अनुभव नाही.’ अनुभव हीच प्रौढाची शिदोरी, असं वर्गात शिकवणारा हा देश, आणि दारात शिदोरीच काढून ठेवायला लावतो! ओंटारियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१३मध्ये अशी अट सकृद्दर्शनी भेदभाव ठरते असं धोरण काढलं, ते उगाच नाही. प्रौढ शिक्षणाचे अभ्यासक जॅक मेझिरो म्हणतात, असा धक्का बसला की माणूस स्वतःची गृहीतकं तपासायला लागतो. मी दोन आठवडे फक्त चिडलो. मग आठवलं, की तिकडे भारतात असताना एका फिटरला डिप्लोमा नाही म्हणून ट्रेनिंगच्या यादीतून मीच वगळलं होतं. मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा तो.

म्हणून ‘परदेशात बघा’ असं मी ग्रुपवर लिहीत नाही. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८५५मध्ये राबणाऱ्यांसाठी शाळा काढली, ती रात्रीची. शिकणारा दिवसा कामावर असतो, एवढं ओळखायला त्यांना नोल्सची गरज पडली नाही. ‘उल्लास’ही माझ्यासारख्या बिनपगारी शिकवणाऱ्यांवरच चालतं, आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझी तक्रार दीडशे मार्कांच्या त्या पेपराशी आहे. वाचन पन्नास, लेखन पन्नास, आकडेमोड पन्नास. व्याजाचा हिशेब तोंडी करणाऱ्या बाईला आकडेमोडीचं सर्टिफिकेट आपण देणार!

परवा पुन्हा तसाच फोटो आला. मी विचारलं, या आजींना काय वाचायचं होतं, हे कुणी विचारलं का? सातबारा, औषधाची चिठ्ठी, की लेकीचा मेसेज? बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग धाकट्या भावाने उत्तरादाखल अंगठा दिला.