स्पार्टाच्या मुलाची ती गोष्ट इतिहास नाही

प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टा या नगरराज्यातल्या एका मुलाने स्वतःच्या बालपणाची हकिगत सांगावी, अशा थाटात लिहिलेला एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. लेखकाचं नाव नाही. मुलगा जन्मतो, म्हातारे त्याला तपासतात, शेजारच्या घरातलं अशक्त बाळ कड्यावरून फेकून देतात, हा मात्र वाचतो. सातव्या वर्षी आईपासून तोडून त्याला छावणीत नेतात. तिथे उपास, चोरी, फटके. मग थर्मोपिलीची खिंड, तीनशे वीर आणि समोर दहा लाख इराणी. शेवटी ठळक अक्षरांत बजावलंय की ही गोष्ट नसून इतिहास आहे, आणि आजच्या लाडावलेल्या, मोबाइलला चिकटलेल्या मुलांना असंच घडवायला हवं.

कादंबरी म्हणून कुणी हे लिहिलं असतं तर माझी काही हरकत नव्हती. ऐतिहासिक कादंबरीत लेखकाला मोकळीक असते आणि ती वाचकालाही माहीत असते. इथे मोकळीक घ्यायची ती घेतलीच, वर इतिहासाचा शिक्काही मारलाय. आमच्या घरच्या ग्रुपवर दोन मोठ्या माणसांनी हा मजकूर टाकला आणि तो माझ्या बहिणीच्या मुलाने वाचला. त्याचा एक पाय जन्मापासून आत वळलेला होता, लहानपणाची वर्षं प्लास्टर आणि खास बुटांत गेली. त्याने मला फोनवर सरळ विचारलं, "मावशी, मला पण टाकलं असतं का?" म्हणून हे लिहितेय, आणि म्हणून कड्यापासूनच सुरुवात करतेय.

अशक्त बाळं टाकून देत, ही माहिती येते एकाच माणसाकडून. प्लुटार्क, रोमन काळातला ग्रीक चरित्रकार. त्याने स्पार्टाचा कायदेकर्ता लायकर्गस याचं चरित्र लिहिलं, ते इसवी सन 100च्या आसपास. म्हणजे लायकर्गस होऊन गेला असं मानलं, तर त्याच्यानंतर सातशेहून जास्त वर्षांनी. चरित्राच्या पहिल्याच वाक्यात प्लुटार्क स्वतः सांगतो की लायकर्गसबद्दल ज्यावर वाद नाही असं काहीच सांगता येत नाही. हे वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही. उलट झेनोफन हा अथेन्सचा लेखक स्पार्टाच्या भरभराटीच्या काळातला, स्पार्टाच्या सैन्याबरोबर लढलेला, स्पार्टाने दिलेल्या जमिनीवर राहिलेला. स्पार्टाच्या रीतींवरचं त्याचं लिखाण मूल जन्माला घालण्यापासूनच सुरू होतं. त्यात बाळ तपासणं नाही आणि टाकणंही नाही. स्पार्टाजवळच्या टायगेटस डोंगरातल्या ज्या विवराकडे बोट दाखवतात, तिथली हाडं अथेन्सचे मानववंशशास्त्रज्ञ थिओडोरोस पित्सिओस यांनी तपासली. नवजात बाळांची हाडं त्यांना सापडली नाहीत. गुन्हेगारांना ज्या खड्ड्यात टाकत त्याचा उल्लेख थ्यूसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने केलाय, आणि हे विवर म्हणजे बहुधा तोच खड्डा.

मान्य करावं लागतं ते एवढंच, की नको असलेलं मूल उघड्यावर सोडण्याचे प्रकार ग्रीसमध्ये सगळीकडेच होत होते, अथेन्समध्येही. व्यंग असलेलं मूल वाढवू नये असा कायदा असावा, असं खुद्द अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. ते लाजिरवाणंच आहे. पण घराघरांत गुपचूप होणारी गोष्ट वेगळी, आणि राज्याने प्रत्येक बाळ तपासून कड्यावरून लोटण्याची शिस्तबद्ध व्यवस्था वेगळी. तशा व्यवस्थेचा भरवशाचा पुरावा नाही.

आणि अगेसिलॉसचं काय करायचं? स्पार्टाचा हा राजा एका पायाने अधू होता आणि अंगकाठीने लहान. थोरला भाऊ गादीचा वारस, त्यामुळे याला कुठली सवलत नव्हती, चारचौघांच्या मुलांबरोबर त्याच छावणीत तो वाढला. इ.स.पू. 400च्या सुमाराला गादीचा प्रश्न आला तेव्हा विरोधकांनी लंगड्या राज्यापासून सावध राहा अशी जुनी भविष्यवाणी पुढे केली. तरी राजा तोच झाला. सुमारे चाळीस वर्षं त्याने राज्य केलं आणि ऐंशी ओलांडल्यावरही तो मोहिमेवर होता. हे सगळं प्लुटार्कच सांगतो. तो आणखी एक सांगतो. अगेसिलॉस घरात काठीचा घोडा करून आपल्या पोरांबरोबर खेळत होता आणि मित्राने ते पाहिलं. तेव्हा राजा म्हणाला, तू स्वतः बाप होईपर्यंत हे कुणाला सांगू नकोस. भाच्याला मी हे सगळं सांगितलं. त्याला काठीचा घोडा सगळ्यात आवडला.

आता उपास आणि फटके. यात तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. अनवाणी चालणं, वर्षभर एकच वस्त्र, पोट न भरेल इतकंच जेवण, पकडलं गेलं तर मार, हे झेनोफननेही लिहिलंय. त्याच मुलांना समूहगान आणि नाच शिकवत, भर उन्हाळ्यात मोठ्या सणाला ती पथकं उतरत, हे मात्र फॉरवर्डमध्ये गाळलंय. चोरलेलं कोल्ह्याचं पिल्लू वस्त्राखाली लपवून, पोट फाडलं गेलं तरी हूं की चूं न करता मेलेला मुलगा पुन्हा प्लुटार्कचाच. ऑर्थिया देवीच्या वेदीपाशी फटके खाऊन मरणारी मुलं आपण पाहिली असं प्लुटार्क म्हणतो, पण तो काळ रोमन सत्तेचा. स्पार्टाचं स्वातंत्र्य कधीच गेलं होतं आणि तो प्रकार पाहुण्यांना दाखवायचा खेळ झाला होता. पुढे तर प्रेक्षकांसाठी त्या वेदीभोवती दगडी बैठका बांधल्या.

पण समजा, हे सगळं शब्दशः खरं होतं. त्याने उत्तम योद्धे घडले का? इथे अ‍ॅरिस्टॉटल वाचा, 'राजनीती'चा आठवा भाग. तो इ.स.पू. चौथ्या शतकातला, स्पार्टाची पडझड त्याच्या हयातीतली. तो म्हणतो, हे लोक शौर्य यावं म्हणून मुलांना कष्टवून कष्टवून जनावरासारखं करतात. शौर्य सगळ्यात रानटी असतात त्यांच्यात दिसत नाही, सौम्य आणि सिंहासारख्या स्वभावाच्यांत दिसतं. आणि पुढे त्याने दाव्याचं मूळच उपटलंय. स्पार्टावाले इतरांना भारी पडत होते ते मुलांना अशा रीतीने घडवल्यामुळे नाही, तर तेव्हा ते एकटेच सराव करत होते आणि समोरचे करत नव्हते म्हणून. इतर सराव करू लागल्यावर ते आखाड्यातही मागे पडले आणि रणातही. इ.स.पू. 371 मध्ये ल्युक्ट्राला थीब्ज या ग्रीक नगराच्या सैन्याने त्यांना मोडलं. तिथे स्पार्टाचे पूर्ण नागरिक होते सुमारे सातशे, त्यांतले चारशे पडले. जिंकणारा सेनापती एपामिनोन्डास लायर हे तंतुवाद्य वाजवायला शिकलेला होता आणि त्याने तत्त्वज्ञानाचे धडे गिरवले होते. मुलाला तबल्याच्या क्लासला घालायचं की 'कणखर' करणाऱ्या शिबिरात, असा प्रश्न पडलेल्या पालकांनी हे नाव लक्षात ठेवावं.

सगळ्यात मोठी लबाडी गोष्टीत जे नाही त्यात आहे. अख्ख्या मजकुरात हेलॉट हा शब्द एकदाही येत नाही. हा मुलगा दिवसभर भाला फेकतोय, मग शेत कोण कसतंय? लॅकोनिया आणि मेसेनिया या स्पार्टाच्या ताब्यातल्या प्रदेशांतले हेलॉट, आपल्याच जमिनीवर गुलाम झालेले शेतकरी. ते नागरिकांपेक्षा कितीतरी जास्त होते. इराण्यांविरुद्धच्या प्लॅटिआच्या लढाईत पाच हजार स्पार्टन नागरिकांबरोबर पस्तीस हजार हेलॉट होते असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो, म्हणजे माणशी सात. स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी या शेतकऱ्यांविरुद्ध रीतसर युद्ध जाहीर करत, म्हणजे त्यांना मारल्याचं पाप लागायला नको. निवडक तरुणांना खंजीर देऊन रानात पाठवत. दिवसा लपायचं, रात्री रस्त्यावर सापडेल त्या हेलॉटला मारायचं, कधी शेतात घुसून त्यांच्यातले धट्टेकट्टे हेरून संपवायचे. थ्यूसिडिडीसने एक प्रसंग दिलाय. लढाईत पराक्रम गाजवलेल्या हेलॉटांना स्वातंत्र्य देऊ म्हणून पुढे बोलावलं, दोन हजार निवडले, डोक्यावर माळा घालून देवळांभोवती फिरवले. पुढे ते सगळे नाहीसे झाले, कसे ते कुणाला कळलं नाही.

स्पार्टात योद्धा म्हणून वाढण्यात हेही येत होतं. कादंबरी लिहायचीच तर त्या तरुणाच्या हातातला खंजीर आणि शेतावरून घरी निघालेला माणूस, दोन्ही लिहावे लागतील. ते गाळून उरतो तो गुलामांच्या मालकांचा गौरव, आणि तो आपण सात-आठ वर्षांच्या मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवतोय. मला राग याचा आहे.

बाकीचे मुद्दे भराभर. थर्मोपिलीला तीनशेच नव्हते. हिरोडोटसने दिलेल्या याद्यांची बेरीज पाच हजारांच्या वर जाते, आणि शेवटच्या दिवशी थेस्पिया या छोट्या ग्रीक नगराचे सातशे जण आपणहून थांबले आणि मेले. त्यांच्या नावाने कुणी फॉरवर्ड करत नाही. ते तीनशे कोवळे तरुणही नव्हते, ज्यांना मुलगे आहेत असे बापच निवडले होते. खिंड तीन दिवसांत पडली आणि पुढे अथेन्स जळलं. इराण्यांचा दहा लाखांचा आकडा तर आजचा कुठलाच जाणकार इतिहासकार मानत नाही. ढालीसह ये नाहीतर ढालीवर ये असं बजावणारी आई आपल्यापर्यंत पोचली ती उशिराच्या वचनसंग्रहांतून. मुली व्यायाम करत आणि बायकांच्या नावावर जमिनी होत्या हे मात्र खरं. मुलीही दणकट होत्या, या एका ओळीपुरता मजकूर बरोबर आहे.

आणि स्पार्टन कधी शरण गेला नाही हे साफ खोटं. इ.स.पू. 425 मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर 292 जणांनी शस्त्रं खाली ठेवली, त्यांतले सुमारे 120 पूर्ण नागरिक होते. त्यांना सोडवण्यासाठी स्पार्टाने अथेन्सकडे पुन्हा पुन्हा वकील पाठवले आणि 421च्या तहात ते सुटले. परत आल्यावर काही काळ त्यांचे नागरी हक्क काढून घेतले, आणि नंतर तेही परत दिले.