दिवे एकदम प्रखर झाले तर स्टॅबिलायझर नव्हे, मेन स्विच
दिवे कमी-जास्त होत असतील तर स्टॅबिलायझर बसवा, असा सल्ला एका लेखात वाचला; तो धोक्याचा आहे. एका खोलीतला दिवा मंद, शेजाऱ्याकडचा डोळे दिपवणारा आणि पंखा भलत्याच वेगात, असं दिसलं की न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सैल झाल्याचा किंवा तुटल्याचा संशय घ्यावा. थ्री-फेज (तीन जिवंत तारांच्या) पुरवठ्याच्या इमारतीत न्यूट्रल गेला की २३० व्होल्टच्या जागी ३०० च्या वर, अगदी ४०० पर्यंतही दाब येऊ शकतो. एमसीबी (आपोआप पडणारा छोटा स्विच) फक्त जादा करंट ओळखते, आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) फक्त विजेची गळती; त्यामुळे दोन्ही शांत बसतात आणि फ्रिज, टीव्ही जळतात. टेस्टरही फसवतो, कारण फेजवर (जिवंत तारेवर) तो नेहमीसारखाच पेटतो.

आधी मेन स्विच बंद करा. एकेक बटण शोधत बसू नका. मग शेजाऱ्यांना सांगा आणि १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर तक्रार करा. मेन स्विचच तापला असेल किंवा ठिणग्या उडत असतील तर हात लावू नका, वीज कंपनीकडून पुरवठा बाहेरून तोडून घ्या. दुरुस्तीनंतर मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल दाब मोजा. तो २३० च्या आसपास असेल तरच उपकरणं एकेक करून लावा.