आजी घरात आहे म्हणून मार्क वजा? कुणाचं डोकं हे!

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, "दिव्यांग मुलाला किती मदत लागते, अमेरिकेचं शास्त्रीय मोजमाप आता मराठीत, घरीच भरा". खाली ज्ञान असं की, नंबर जगभर एकच असतो, मूल हातानं जेवत नसेल तर आयांचे लाड नडलेत, आणि एकत्र कुटुंब असेल तर स्कोर निम्मा करा कारण मदतीला माणसं आहेतच. वहिनीनं भाच्यासाठी तो फॉर्म भरला, स्कोर काढला आणि मला रडत फोन केला, म्हणून लिहितेय. एरवी असले मेसेज मी उघडतही नाही.

नंबर जगभर एकच म्हणे! मूल रोजच्या जगण्यात स्वतःचं स्वतः किती करतं ते मोजणारी व्हाइनलँड स्केल १९३५ साली अमेरिकेत एडगर डॉल यांनी काढली, त्यात एक प्रश्न होता की सांताक्लॉज खरा नसतो हे मुलाला कळतं का. आता विचारा रामबागेतल्या पोराला. सुरीनं ब्रेडला लोणी लावता येतं का, हेही होतं. म्हणून तर नागपूरच्या मालिन यांनी ती आपल्याकडच्या मुलांसाठी बदलली, ११७ चे ८९ प्रश्न केले. कामतांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात मराठी-कन्नडमध्ये आणून इथल्या मुलांवर तपासून घेतली होती, आणि हे महाशय आज मोबाईलवर भाषांतर करून मोकळे.

लाडाचं म्हणाल तर थोडं खरं आहे, नाही म्हणत नाही. आपल्याकडे सहा वर्षांच्या धडधाकट पोरालाही मागे धावून भरवतात. पण मग तुलना आपल्याच पोरांशी करा ना, तिकडच्या कशाला? नाहीतर सगळं इंदूरच दिव्यांग निघेल.

खरा संताप त्या निम्मा करण्याचा. मुलांच्या मदतीची गरज मोजायची एक नीट अमेरिकन स्केल आहे, एसआयएस-सी, २०१६ ची, ५ ते १६ वर्षांसाठी. ती विचारते की मदत किती वेळा लागते, दिवसात किती वेळ जातो, आणि कशी लागते, नुसती आठवण करून पुरते की हात धरून सगळंच करावं लागतं, तेही त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा किती जास्त. मदत कोण करतं याचे मार्क नाहीत. वहिनीनं अंघोळीपुढे "गरज नाही" लिहिलं, का तर आमची आई, म्हणजे त्याची आजी, घालते. अगं, बहात्तरीची बाई दुखरे गुडघे घेऊन मोरीत वाकते, ती मदत नाही तर काय आहे? उद्या ती पडली तर काय पोराची गरज संपणार? घरच्या बायकांचं काम कागदावर शून्य लिहायचं आणि मग शाळेत सोबतीला माणूस मागायला जायचं, देईल कोण?

आणि हो, सर्टिफिकेटला हा फॉर्म चालत नाही. केंद्राच्या २०१८ च्या नियमांत (२०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे आले) बौद्धिक दिव्यांगत्वाला व्हाइनलँड आणि आयक्यू होतं, ऑटिझमला आयसा ही आपली ४० प्रश्नांची भारतीय चाचणी होती, तेही त्याचं शिक्षण घेतलेल्या माणसानं समोर बसून करायचं. भाचा घरी मराठी बोलतो, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, तेव्हा कुठल्या भाषेत विचारलं यानंही फरक पडतो, ते तपासणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

वहिनीला म्हटलंय, तो फॉर्म फाड. आई सकाळपासून त्याच्यासाठी काय काय करते ते वेळेसकट वहीत लिही, आणि तपासणीला ती वही घेऊन जा, जमलं तर आईलाच सोबत ने.