व्हिक्टोरियाचा व्ही

आमच्या सोलापूरच्या साखर पेठेतल्या घरी सिंगरचं पायाचं शिलाई मशीन आहे आणि त्याचं वय सांगणाऱ्यावर अवलंबून असतं. आत्या म्हणते, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. थोरले काका म्हणतात, पणजोबांनी जुन्या मिलच्या बोनसमधून घेतलं आणि १९३० च्या मार्शल लॉमध्ये त्यावरच गांधी टोप्या शिवल्या. पुण्याच्या चुलतभावाला वर्षाशी देणंघेणं नाही. त्याच्या मते ते पाच लाखांचं आहे. तारीख काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण 'तू नेटवर असतोस'.

सुरुवातीलाच तोंडातून निघून गेलं, की आयझॅक सिंगरला पेटंट मिळालं १८५१ मध्ये. संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकू मशीन बघायला हजर. "अठराशे एक्कावन्नचं म्हणे!" आत्या नाही म्हणाली नाही.

पायाच्या बिडाच्या जाळीत 'सिंगर' असं ठसठशीत लिहिलंय, तो पुरावा कोंतम चौकातल्या मिस्त्रींनी हसण्यावारी नेला. "पाय कुणाचे, डोकं कुणाचं, काय सांगावं? बॉबिन दावा." मी सरकती पट्टी बाजूला केली. आत लांबडी बॉबिन, टोकदार शटलमध्ये बसलेली, आणि शटल वर उचलून देणारं बटण. म्हणजे हे १२७ नंबरचं मॉडेल. आधीच्या २७ ला ते बटण नसतं. आता उरला सिरियल नंबर. तो बैठकीवर उजव्या हाताला ठोकलेला असतो. आमच्या मशीनवर तिथे तेल, धूळ आणि कुणीतरी हौसेनं मारलेला ऑइलपेंट यांचा जाड थर होता.

घासकागद लावणार, एवढ्यात मिस्त्री ओरडले, "येडं झालास का बे? सोन्याची वेलबुट्टी निघून जाईल! मशीनचंच तेल लाव, चिंधीनं पूस." म्हणून पुसत बसलो. आजी चार वेळा येऊन विचारून गेली, "काय शोधायलास रे?"

मधेच भाच्यानं मोबाइल सुईजवळ धरला. २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली होती, की जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' नावाचा भलताच मौल्यवान पदार्थ असतो. मोबाइल जवळ नेला आणि लाईन तुटली, की पारा आहे असं समजायचं. लोकांनी भरमसाट पैसे मोजले. आमचीही लाईन तुटली. भाचा नाचायला लागला. त्या खोलीत कुणाचीच लाईन कधी टिकलेली नाही, हे त्याला सांगूनही पटेना. त्यानं पुण्याला फोन लावला, अर्थात अंगणात जाऊन. पाच लाखांचे दहा झाले.

इकडे अक्षर दिसायला लागलं होतं. व्ही! आत्यानं टाळीच वाजवली. "व्हिक्टोरियाचा व्ही! मी काय म्हणत होते?"

आता तिला सांगायचं कसं, की १९०० च्या आधीच्या सिंगरवर नुसता आकडा असतो, अक्षर आलं तेच मुळी नंतर? शिवाय व्हीच्या खाली अजून चिकटा होता. सुईच्या टोकानं तो हळूच कोरला, तेव्हा एक शेपूट बाहेर आलं. वाय. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्याची मालिका. सिरियल नंबरांच्या यादीत आमचा आकडा १९२७ च्या गठ्ठ्यात पडला. तेही नंबरांचा गठ्ठा वाटून दिल्याचं साल. मशीन प्रत्यक्षात त्यानंतरही जुळलेलं असू शकतं.

काकांची छाती फुगली. १९२७ चं मशीन १९३० च्या टोप्यांना वेळेत पोचतं! त्यांनी लगेच गांधीजींना पाचारण केलं. यंत्रांवर टीका करणाऱ्या बापूंनी १९२४ मध्ये सिंगरच्या मशीनला मात्र अपवाद केला होता, हे तर नोंदलेलंच आहे. टोप्यांचा पुरावा काय, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

आत्या तासभर गप्प होती. मग म्हणाली, "नंबर नंतर घातला असेल."

चुलतभावाला कळवलं, अशी मशीनं लाखोंनी बनली, त्यामुळे दहा लाख विसर. त्यानं 'ओके' लिहिलं आणि त्यानंतर त्याला मशीनची आठवण आलेली नाही.

आजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "झाली ना तारीख? मग आता मिस्त्रीकडून चामड्याचा पट्टा आण. दिवाळीपासून तुटून पडलाय, उशांच्या खोळी तशाच ऱ्हायल्यात."