विकत आणलेला प्रोजेक्ट पास होतो, स्वतः केलेल्याला 'कॉपी' म्हणतात

आज दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही. वर्कशॉपला जेवणाची सुट्टी झाली होती तेवढ्यात भाचा आला. पाठीला सॅक, तोंड उतरलेलं. बी.सी.एस.च्या, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सच्या, शेवटच्या वर्षाची व्हायवा, म्हणजे प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, होती आज त्याची. प्रोजेक्ट म्हणून त्यानं बॅटमनचा एक गेम केलाय, आणि तपासायला बाहेरचे परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, आले होते. काय झालं विचारलं तर म्हणाला, "मामा, एक्स्टर्नलनी बघितलंच नाही. पहिल्याच स्क्रीनवर बॅटमन दिसला आणि म्हणाले, हे कॅरेक्टर तुझं आहे काय? नाही ना? मग ही कॉपी झाली. आणि गेम हा काय प्रोजेक्टचा विषय असतोय होय? हॉस्पिटल मॅनेजमेंट, लायब्ररी मॅनेजमेंट असलं कायतरी करून आण."

एवढं सांगून पोरगं गप्प बसलं. डबा पुढं केला तर नको म्हणाला.

कॉलेजचं नाव लिहिणार नाही. पोराला अजून तिथूनच मार्कलिस्ट घ्यायची आहे. कमेंटमध्येही कुणी विचारू नका.

पण राग सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच्याच वर्गातल्या कितीतरी पोरांनी प्रोजेक्ट विकत आणलेत. कुठं मिळतात ते तुम्हालाही माहीत आहे. पैसे द्यायचे, पेन ड्राइव्हवर कोड घ्यायचा, सोबत जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग केलेला रिपोर्ट, वर सोनेरी अक्षरांत आपलं नाव. आतल्या एखाद्या पानावर गेल्या वर्षीच्या पोराचं नाव तसंच राहिलेलं असतं. तो प्रोजेक्ट 'ओरिजिनल', कारण विषय हॉस्पिटलचा. आणि ज्यानं वर्षभर रात्री जागून एकेक ओळ स्वतः लिहिली तो चोर! हे मला पटत नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला पटेल असंही वाटत नाही.

गेम काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे कशाला कॉपी म्हटलं ते कळेल.

मागच्या दिवाळीत आक्काकडे मुक्कामाला होतो. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं लॅपटॉप पुढ्यात ठेवला. "मामा, खेळून बघा, मी काही सांगणार नाही." वरून बघितल्यासारखा नकाशा, छोटी छोटी माणसं. आपण बॅटमन. बॅटमनच्या गॉथम शहरातलं आर्खम, म्हणजे गुन्हेगार मनोरुग्णांना ठेवतात ते इस्पितळ, त्याच्या वैऱ्यानं, जोकरनं, ताब्यात घेतलंय. आत एक डॉक्टरीण अडकली आहे, तिच्यापर्यंत पोचायचं. बोळाबोळांत पहारेकरी. त्यांच्या नजरेत न येता अंधारातून सरकायचं. दिसलात की लढाई सुरू, आणि लढाई आळीपाळीची. बुद्धिबळासारखं, तुमची खेळी झाली की त्याची. घाई नाही, बटणं बडवायची नाहीत, विचार करायचा.

मी एका वळणावर पकडला गेलो. परत खेळलो, परत तिथंच. कित्येक वेळा तिथंच. दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर माउस हातातून काढून घेऊन दाखवलं असतं. यानं काय केलं? वही काढली. म्हणाला, "मामा, तुम्ही इथं आत्ताच का निघालात?" म्हटलं, मला वाटलं हा पहारेकरी अजून तिकडंच बघत राहील. "तसं का वाटलं?" म्हटलं, वळायच्या आधी त्यानं काही इशाराच दिला नाही. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. सकाळी चहाच्या वेळी परत लॅपटॉप पुढ्यात. आता तो पहारेकरी वळण्याआधी जागेवरच एक पाऊल उचलत होता. तेवढाच बदल. मी सुटलो.

आपल्या मालात दोष कुठं आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घ्यायचं, वाईट वाटून न घेता लिहून ठेवायचं आणि रात्रीत दुरुस्त करायचं. इतकी वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काढली, हे जमणारे कारागीर बोटावर मोजण्याइतके भेटले. एक्स्टर्नलनी ती वही तरी उघडायची होती.

आता कारागिरीचं बोलतो. त्यानं हे आरपीजी मेकर एमव्ही नावाच्या, गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलंय. 2015 चं, जपानी. पैसे साठवून सेलमध्ये रीतसर विकत घेतलेलं, क्रॅक केलेलं नाही. (खंडेनवमीला आमच्या मशिनींच्या पूजेत त्याचा लॅपटॉपही मांडला होता, आक्कानं त्याला हळदकुंकू लावलं.) हो, त्यात नकाशा आणि आळीपाळीची साधी लढाई तयार मिळते. पण पहारेकऱ्याची नजर तयार मिळत नाही. ती बांधावी लागते. पहारेकरी कुठल्या चौकटीत उभा आहे, तोंड कुठं आहे, खेळणारा त्याच्या रेषेत किती चौकटी लांब आहे, हे क्षणाक्षणाला तपासायचं. आणि मधे भिंत असेल तर दिसता कामा नये! हेच अवघड. त्यासाठी पहारेकऱ्यापासून खेळणाऱ्यापर्यंतची एकेक चौकट चाळत जावं लागतं. अंधाराच्या चौकटींना त्यानं वेगळे नंबर दिलेत, तिथं नजर निम्मीच पोचते. मागून गाठलं तर लढाईत पहिली खेळी आपली, समोरून सापडलो तर त्यांची. म्हणजे लपण्यात केलेली चूक पुढं लढाईत भोगावी लागते. हे मला त्यानं कागदावर चौकटी काढून समजावलं तेव्हा मी त्याच्याकडं बघतच राहिलो.

आणि गेम मराठीत आहे, मंडळी! बॅटमन मराठी बोलतो. हे ऐकायला सोपं वाटतं. ते सॉफ्टवेअर संवाद एकेक अक्षर सुटं काढत जातं. इंग्रजीला ते चालतं. आपल्याकडं काना, वेलांटी, जोडाक्षर असं सुटं केलं की सगळं मोडतं. पडद्यावर 'कि' यायच्या जागी क एकीकडं आणि वेलांटी पोकळ गोलावर लटकलेली. भाच्यानं सॉफ्टवेअरची जावास्क्रिप्ट, म्हणजे आतला कोड, उघडली, अक्षरामागून अक्षर काढायचं काम बंद केलं आणि आख्खी ओळ एकदम काढायला लावली. मग रंग बदलायचे, मधे थांबायचं, ते सगळं बिघडलं, तेही परत बसवलं. मराठी नीट दिसावी म्हणून एका बी.सी.एस.च्या पोरानं जपानी सॉफ्टवेअरचं पोट उघडून दुरुस्त केलं, आणि आपल्याच गावात त्याला विचारतात, यात तू काय केलंस?

नाही, त्यांनी तेवढंही विचारलं नाही.

बरं, बॅटमन त्याचा नाही. मान्य. मालक कंपनीनं उद्या काढून टाक म्हटलं तर काढावं लागेल, तेही मान्य, आणि त्यालाही ते ठाऊक आहे. म्हणून तर तो एक पैसा घेत नाही. पहिल्याच पडद्यावर लिहिलंय की हे पात्र आमचं नाही. बॉब केन आणि बिल फिंगर ही दोन्ही नावं आहेत. त्यातलं दुसरं का, ते मी त्याला विचारलं. बॅटमन 1939 साली डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या 27 व्या अंकात पहिल्यांदा आला. त्याला आजचं रूप देण्यात फिंगरचा मोठा वाटा, पण नाव छापलं जायचं एकट्या केनचं. फिंगर 1974 मध्ये गेला. त्याचं नाव अधिकृतपणे निर्मात्यांत लागलं ते 2015 मध्ये. मेल्यावर एक्केचाळीस वर्षांनी! हे ज्या पोराला टोचतं, जो फुकट मिळालेल्या टाइल्स (नकाशाचे चित्रतुकडे) आणि प्लगइन (वरून जोडायचे कोडचे तुकडे) ज्यांनी केले त्यांची नावं आठवणीनं शेवटी देतो, त्याला तुम्ही चोर म्हणता?

आता कोल्हापूरकर म्हणून बोलतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. येता-जाता आपण बघतो, तिथं हार घालतो, फोटो काढतो. कुणासाठी आहे तो? बाबूराव पेंटरांसाठी. आनंदराव आणि बाबूराव, नात्यानं भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे. सिनेमा बघून वेड लागलं. कॅमेरा कसा चालतो याचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले, काम अर्धवट. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून 1918 मध्ये स्वतः कॅमेरा उभा केला, आणि 1920 मध्ये त्याच्यावर 'सैरंध्री' काढला. सैरंध्री, कीचक, भीम ही पात्रं बाबूरावांची होती काय? महाभारतातली होती, आणि त्याआधी खाडिलकरांनी त्यावर नाटक गाजवलं होतं. कॅमेऱ्याची कल्पनाही विलायतेची. तेव्हा कुणी व्हायवा घेऊन 'कॉपी' म्हणून पेटी बंद करायला लावली असती तर? त्यांच्यावर गायिका तानीबाई कागलकरांनी विश्वास टाकला, पैसा दिला. म्हणून त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, म्हणून पुढं शांताराम, दामले, फत्तेलाल तिथं शिकले, आणि 1929 मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनी याच गावात निघाली.

कुणी म्हणेल, महाभारत सगळ्यांचं, बॅटमन कंपनीचा. कायद्यानं फरक आहे, आहेच. पण शिकणाऱ्याच्या हाताला तो फरक कळत नाही. हात ओळखीच्या माणसावरच शिकतो. उद्यमनगरात दुसऱ्याचं इंजिन खोलल्याशिवाय कोण फिटर झालाय, दाखवा मला.

आणि बाहेर काय चाललंय ते तरी बघा. आपण राजारामपुरीत सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक खेळायचो, आठवतंय? ते 1999 मध्ये दोन पोरांनी हाफ-लाइफ या दुसऱ्याच्या गेमवर फुकट केलेलं काम होतं. त्या कंपनीनं, व्हॉल्व्हनं, त्यांना कोर्टात नाही खेचलं, कामावर घेतलं. अर्जेंटिनाच्या एका माणसानं निन्टेंडो या जपानी कंपनीच्या मेट्रॉइड या गेमचा जुना भाग नव्यानं बांधला, 2016 मध्ये फुकट सोडला. निन्टेंडोनं तो काढायला लावला. वाईट झालं. पण ते काम बघून दुसऱ्या स्टुडिओनं त्याला बोलावलं आणि पुढं त्यांच्या मोठ्या गेममध्ये तो डिझायनर झाला. जे वकिलांच्या नोटिशीत गेलं तेच त्याचं प्रशस्तिपत्र ठरलं. आमच्याकडं प्रशस्तिपत्र कशाचं? लायब्ररी मॅनेजमेंटचं.

लिहिता लिहिता थोडा शांत झालोय. एक्स्टर्नललाही दिवसाला ढीगभर पोरं तपासायची असतात, प्रत्येकाला मिळतात काही मिनिटं, हे मी समजू शकतो. लायब्ररीचं सॉफ्टवेअर मन लावून करणारी पोरंही असतील, त्यांच्या कामाला मी कमी म्हणत नाही. पण काही मिनिटं मिळतात तर त्यात एक तरी प्रश्न विचारायचा. हा पहारेकरी भिंतीपलीकडचं का बघत नाही? हा एकच प्रश्न. विकत आणलेल्यानं मान खाली घातली असती, आणि आमचा तासभर बोलला असता.

त्यानं बॅटमनच का निवडला तेही सांगतो, कारण त्यावरूनही नातेवाइकांत टोमणे झालेत, "एवढा मोठा झाला आणि अजून कार्टून." मी त्या दिवाळीच्या रात्रीच विचारलं होतं. म्हणाला, "मामा, त्याला उडता येत नाही, अंगात काही शक्ती नाही. लपायला लागतं, डोकं चालवायला लागतं. आणि तो मारून टाकत नाही कुणाला." त्याच्या गेममध्ये हरलेला पहारेकरी मरत नाही, बेशुद्ध पडतो, आणि परत त्या बोळातून गेलात तर भिंतीला टेकून डोकं धरून बसलेला दिसतो. ते एवढंसं चित्र त्यानं वेगळं काढलंय. खेळाला त्याची काही गरज नव्हती. चौथ्या बोळात तसा एक बसलेला बघितला आणि मला या पोराचं फार कौतुक वाटलं. त्याचे वडील असते तर त्यांनाही वाटलं असतं.

आज निघताना मला म्हणाला, "मामा, लायब्ररी मॅनेजमेंट चार दिवसांत लिहून देतो, विकत नाही आणणार." म्हटलं लिही. पास व्हायचंय, डिग्री पाहिजे, आक्काच्या डोक्याला ताप नको. पण गेम बंद करायचा नाही. यावर तो काही बोलला नाही. मला त्याचीच भीती वाटते आहे.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं. रविवारी आमचं वर्कशॉप बंद असतं. मी लॅपटॉप तिथं लावायला सांगितलाय, सकाळी दहापासून. या आणि खेळा. गेम येत नसेल तरी या, मलाही येत नव्हता. कौतुक करू नका, अडकाल तिथं नुसतं खरं सांगा, तो लिहून घेईल. तुमच्यात कुणी पुण्या-बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये असेल आणि गावाकडं आला असेल, त्यानं तर जरूर यावं आणि कोड उघडून बघावा. घरात बी.सी.एस., बी.सी.ए.ची पोरं असतील तर घेऊन या. प्रोजेक्ट विकत घेतलेलीही आणा, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कुणी वही दाखवलीच नव्हती.