प्रवाळ वाचवायचंय? आधी हॉल बुक करा

पुण्यात बसून समुद्र वाचवायचा म्हटलं की लोक एकच शंका काढतात: इथे समुद्र कुठाय? मनावर घेऊ नका, ही सोयच आहे. परिषद मालवणला ठेवली तर माणसं मधल्या सुट्टीत पाण्याकडे बघत बसतात आणि विषय भरकटतो. बाणेरला तो धोका नाही. फार तर मुळा नदी दिसेल, आणि तिच्याकडे इथे कोण बघतं?

हॉल मिळाला की नाव ठरवा. 'प्रवाळ' म्हटलं तर समोरचा पाकीट लपवतो, 'नील अर्थव्यवस्था', म्हणजे समुद्रातून कमाई, म्हटलं तर व्हिजिटिंग कार्ड काढतो. पहिली स्लाइड ठरलेली आहे: समुद्रतळाच्या एक टक्क्याहून कमी जागा प्रवाळांची, आणि सागरी जातींपैकी सुमारे पाव त्यांच्या आधाराने जगतात. इथे चष्मा काढून पुसा. मग सेशेल्स, हिंदी महासागरातला बेटांचा देश. २०१८ मध्ये त्यांनी दीड कोटी डॉलरचे निळे रोखे काढले, म्हणजे समुद्राच्या कामासाठी कर्ज उभारलं; कोणत्याही देशाने काढलेले असे रोखे पहिलेच. मग मेक्सिको. तिथल्या किंताना रो राज्यात प्रवाळाचा विमा काढलाय. वाऱ्याचा वेग ठरलेल्या आकड्यापुढे गेला की पैसे मिळतात, 'नुकसान किती ते दाखवा' म्हणून पंचनामा नाही. २०२० च्या डेल्टा वादळानंतर ते खरंच मिळाले आणि आधीच तयार केलेल्या, बुडी मारणाऱ्या स्थानिक माणसांनी मोडलेले तुकडे पुन्हा जागेवर बसवले. ही स्लाइड भरभर उरका. तिथल्या माणसांना वादळाआधीच शिकवून ठेवलं होतं, मग आपण कोणाला शिकवलंय, असं एखादा विचारायचा.

आपल्याकडचं काही हवंच, तर वेंगुर्ल्याची मांडवी खाडी घ्या. स्वामिनी बचत गटाच्या बायका तिथे होडीतून कांदळवन फिरवून दाखवतात. फोटो झकास येतो. पण फोटोपुरतंच ठेवा, कारण त्या बायका वल्हं स्वतः मारतात आणि पैसेही स्वतः मोजतात. त्यात सल्लागाराने बसायचं कुठे? मालवणच्या सागरी अभयारण्यावर तर बोलूच नका. १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटर कागदावर आलं आणि मच्छीमारांचा विरोध पुढे वर्षानुवर्षं चालला. अशा कथेत टाळीची जागा सापडत नाही.

आता 'स्थानिक घटक'. एक तरी मच्छीमार स्टेजवर पाहिजेच. मी गेलो होतो त्या परिषदेत मालवणहून रात्रभर एसटीने आलेले एक काका होते. गळ्यात प्लास्टिकचं ओळखपत्र, त्यावर नाव चुकलेलं. त्यांची वेळ बारा पन्नासला होती, जेवण एकला. सूत्रसंचालकाने विचारलं, "काका, तुमचा आस्क काय?" काकांनी आधी शेजाऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पर्यटकांच्या होड्ये येतत, नांगर टाकतत, प्रवाळ मोडता. थंय चार बोये बांधून द्या. होडी बोयाक बांधूची, झाला."

सभागृह गप्प. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारा पिंप, खाली पक्का वजनाचा दगड, मध्ये साखळी. यात रोखे बसत नाहीत, परतावा बसत नाही, अहवालही दोन पानांच्या वर जात नाही. अशा वेळी काय करायचं ते लिहून ठेवा: "फारच मोलाचा मुद्दा" म्हणायचं आणि पुढच्या वर्षीच्या सत्रात घालायचा. तोवर पाणी तापलं, प्रवाळाने आपल्या पेशींतलं रंगीत शेवाळ बाहेर टाकलं आणि ते पांढरं पडलं, तर नवी स्लाइडही मिळते.

जेवणात मासे असावेतच, विषयाला धरून होतं. आमच्या ताटात तळहातात मावेल एवढं पापलेट होतं, कुरकुरीत. १३५ मिलिमीटरच्या आतलं पापलेट पकडू नये असा राज्याचा नियम आहे. काकांनी ते ताटात सरळ केलं आणि हाताची बोटं त्याच्या बाजूला ठेवून मापायला लागले. तुमच्याकडे असं कोणी करताना दिसलं, तर वाढप्याला लगेच खूण करा आणि त्यांच्यापुढे गुलाबजामची वाटी सरकवा.