इंगे मायझेल सोशिक नव्हत्या

जर्मन अभिनेत्री इंगे मायझेल (1910–2004) यांचे एक ठरावीक वर्णन वर्षानुवर्षे फिरत आले आहे : दूरचित्रवाणीने घडवलेली, आयुष्यभर सोशिक आई रंगवणारी, राजकारणाच्या वाटेला न गेलेली आणि गाजलेली मालिका संपताच मागे पडलेली ‘राष्ट्रमाता’. यातले बिरुद तेवढे खरे आहे, त्याला चिकटवलेली विधाने मात्र टिकत नाहीत.

दूरचित्रवाणीने त्यांना घडवले, हे विधान सनावळीपुढेच कोसळते. मायझेल 1930 मध्ये जर्मनीतल्या त्स्विकाउ शहराच्या रंगभूमीवर उभ्या राहिल्या. वडील ज्यू असल्यामुळे 1933 ते 1945 अशी बारा वर्षे नाझी राजवटीने त्यांना रंगमंच बंद केला. नायिकेच्या भूमिका ज्या वयात चालून येतात, नेमके तेच वय असे हिरावले गेले. त्यांचे वडील तर लपून राहिले म्हणून वाचले. युद्धानंतर हॅम्बुर्गच्या थालिया नाट्यगृहात त्यांनी जवळपास दशकभर काम केले. पुढे बर्लिनच्या एका लोकनाट्यात त्यांनी भाड्याच्या इमारतीची देखभाल करणारी, मुलांनी आपल्याहून वरच्या थराला जावे म्हणून जिवाचे रान करणारी आनी व्हीझनर साकारली, आणि ‘राष्ट्रमाता’ हे नाव त्यांना चिकटले ते या भूमिकेपासून. म्हणजे ती गाजलेली मालिका 1965 मध्ये आली तेव्हा बिरुद आधीच तयार होते आणि मायझेल पंचावन्नीला टेकल्या होत्या.

राहिला सोशिकपणाचा मुद्दा. ‘डी उनफरबेसरलिशन’ (‘न सुधारणारी माणसे’) या त्या मालिकेचे 1965 ते 1971 या काळात वर्षाला एक असे सातच भाग झाले आणि ते दाखवण्यासाठी मातृदिनाचा मुहूर्त निवडलेला असे. त्या दिवशी आईचे गोडवे ऐकायला बसलेल्या प्रेक्षकांसमोर यायची ती केटे शोल्त्स : बर्लिनच्या एका साध्या कुटुंबाची कर्तीसवरती, फटकळ, मुलांच्या संसारात नाक खुपसणारी बाई. योझेफ ओफेनबाख यांनी रंगवलेला नवरा, पैशांची ओढाताण, मुलांशी उडणारे खटके, हे सगळे ती अंगावर घेत असे, पण मुकाट्याने मुळीच नाही. तिच्यात माया होती, हे कोण नाकारेल? पण माया आणि सोशिकपणा एकच समजण्याची खोड प्रेक्षकांची होती, भूमिकेची नव्हे.

राजकारणापासून अलिप्त असल्याचा दावा तर सर्वांत पोकळ आहे. 1972 च्या निवडणुकीत मायझेल यांनी पश्चिम जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर, सोशल डेमोक्रॅट नेते विली ब्रांट यांच्या बाजूने उघड प्रचार केला. 1978 मध्ये ‘श्टर्न’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठांवर स्त्रीदेहाचे जे प्रदर्शन चाले, त्याविरुद्ध दहा स्त्रिया हॅम्बुर्गच्या न्यायालयात गेल्या. स्त्रीवादी पत्रकार आलिस श्वार्त्सर यांच्याबरोबर त्यांत मायझेलही होत्या. दावा फेटाळला गेला, पण ‘घरोघरची आई’ ही प्रतिमा जपून पोट भरणाऱ्या नटीने त्या वयात अशा वादात नाव घालणे धंद्याच्या हिशेबाने परवडणारे नव्हते, एवढे तरी लक्षात घ्यायला हवे. 1981 मध्ये देऊ केलेले राष्ट्रीय सन्मानपदक त्यांनी नाकारले. सभ्यपणे जगल्याबद्दल पदक कशाला, असा त्यांचा सवाल होता. उतारवयात त्या इच्छामरणाच्या हक्काच्या बाजूनेही जाहीरपणे उभ्या राहिल्या.

मालिका संपल्यावर त्या मागे पडल्या, या म्हणण्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. 1982 पासून लंडनच्या मोलकरणीच्या, मिसेस हॅरिसच्या भूमिकेतले त्यांचे दूरचित्रपट आले, आणि ‘पोलित्सायरूफ 110’ या गुन्हेमालिकेतली त्यांची शेवटची भूमिका 2004 मध्ये, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, प्रक्षेपित झाली.